ऑगुस्टेची फाइल आणि डॉ. अल्झायमर

घरातल्या आजी एकच प्रश्न दहा वेळा विचारू लागल्या, पाटल्या स्वतःच गादीखाली ठेवून सुनेने चोरल्या म्हणू लागल्या, की आपल्याकडे कारण शोधावे लागत नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणायचे, किंवा म्हातारचळ लागला म्हणून सोडून द्यायचे. वय झाले की असे व्हायचेच, हा समज त्यामागे असतो. सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतही हाच समज होता. त्याला पहिला धक्का बसला तो अवघ्या ५१ वर्षांच्या एका स्त्रीमुळे आणि तिचे बोलणे शब्दन् शब्द लिहून ठेवणाऱ्या एका डॉक्टरामुळे. ‘अल्झायमर’ हा शब्द आज आजाराचे नाव म्हणून सर्वांच्या तोंडी आहे. ते एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, माइन नदीकाठच्या मार्क्टब्राइट या छोट्या गावात झाला. वडील एडुआर्ड हे दस्त नोंदणीचे सरकारमान्य काम करणारे नोटरी होते. त्यांची पहिली पत्नी बाळंतपणानंतर लवकरच वारली. त्यांनी तिच्याच बहिणीशी लग्न केले आणि या दुसऱ्या संसारातले अलॉइस हे पहिले अपत्य. शालेय शिक्षण आशाफेनबुर्गला झाले. वैद्यकीय शिक्षणासाठी ते बर्लिन, ट्युबिंगेन आणि व्युर्त्सबुर्ग येथे राहिले. विद्यार्थीदशेत तलवारबाजीच्या एका लढतीत डाव्या गालावर वार बसला आणि त्याचा व्रण कायमचा राहिला. पुढे फोटो काढताना ते बहुधा उजवी बाजू पुढे करीत.

१८८७ मध्ये त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा मेंदूशी काहीच संबंध नव्हता. कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथी हा त्याचा विषय होता. पण त्या निमित्ताने सूक्ष्मदर्शकावर हात बसला. ऊतीचे पातळ काप काढणे, ते रंगवणे आणि तासन् तास न कंटाळता पाहत राहणे ही सवय आयुष्यभर उपयोगी पडली.

फ्रँकफर्टचे रुग्णालय

डिसेंबर १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्ण व अपस्मार रुग्णालयात सहायक डॉक्टर म्हणून रुजू झाले. गावातले लोक त्या भव्य इमारतीला वेड्यांचा किल्ला म्हणत. संचालक एमिल सिओली यांना रुग्णांना बांधून ठेवण्याची जुनी पद्धत मान्य नव्हती. साखळ्या आणि जबरदस्तीची जॅकेटे बाजूला ठेवून अस्वस्थ रुग्णांना कोमट पाण्यात बराच वेळ बसवणे, मोकळ्या हवेत नेणे, त्यांच्याशी बोलत राहणे असे उपाय तिथे होऊ लागले. तरुण अल्झायमर या कामात मनापासून उतरले. औषध असे हाताशी फारसे नव्हतेच. रुग्णाजवळ बसणे हेच बरेचदा औषध होते.

पुढच्याच वर्षी फ्रान्झ निस्ल हे डॉक्टर तिथे आले आणि दोघांची आयुष्यभराची मैत्री जमली. मेंदूची ऊती सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ रंगहीन दिसते. रंगवल्याशिवाय तिच्यात काय बिघडले आहे ते कळत नाही. त्या काळात जर्मनीत कापडासाठी कृत्रिम रंग तयार करण्याचा धंदा भरभराटीला आला होता. त्याच जातीचे रंग वापरून मेंदूच्या पेशी ठळक दाखवण्याची पद्धत निस्ल यांनी विद्यार्थी असतानाच शोधली होती. दिवसा रुग्ण पाहायचे आणि रात्री दिवंगत रुग्णांच्या मेंदूचे काप पाहायचे, असा दोघांचा दिनक्रम झाला. वॉर्डात दिसलेली लक्षणे आणि मेंदूत दिसलेले बदल यांची जोडी लावणे हा त्यामागचा हेतू होता. मनाचे आजार म्हणजे पाप, दुबळेपणा किंवा बाहेरची बाधा असे मानणाऱ्या काळात ही साधी वाटणारी गोष्ट नवी होती.

या काळातली त्यांची दोन कामे आजही महत्त्वाची आहेत. एक म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्याने बुद्धी कशी मंदावते, याचे वर्णन. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ ओटो बिन्स्वांगर हेही तेव्हा याच विषयावर काम करीत होते. आज ज्याला रक्तवाहिन्यांमुळे होणारा डिमेन्शिया म्हणतात, त्याचा पाया इथे आहे. दुसरे काम उपदंश म्हणजे सिफिलिसमुळे होणाऱ्या मेंदूच्या विकाराचे. त्या काळी मनोरुग्णालयांतील अनेक पुरुष याच विकाराने बुद्धिभ्रंश होऊन दगावत. अल्झायमर यांनी त्यातील पेशींचे बदल बारकाईने नोंदवले. पुढे १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले आणि हा डिमेन्शिया टाळता येऊ लागला, वेळेत गाठला तर थांबवताही येऊ लागला. बुद्धी जाण्यामागे शोधता येईल असे कारण असते आणि ते सापडले तर उपायही सापडू शकतो, याचा हा पहिला मोठा पुरावा ठरला.

१८९४ मध्ये त्यांनी सेसिली गायझेनहाइमर या श्रीमंत विधवेशी विवाह केला. गेरट्रूड, हान्स आणि मारिया अशी तीन मुले झाली. पण फेब्रुवारी १९०१ मध्ये सेसिली यांचे निधन झाले. मुलांना सांभाळायला अल्झायमर यांची बहीण एलिझाबेथ आली. ते स्वतः पूर्वीपेक्षाही जास्त वेळ रुग्णालयात घालवू लागले. याच वर्षाच्या अखेरीस त्यांची ऑगुस्टे डेटर यांच्याशी गाठ पडली.

बायकोला काय झाले आहे?

ऑगुस्टे या रेल्वेतील एका कारकुनाच्या पत्नी. जन्म १८५०. घर नीटनेटके ठेवणारी, कष्टाळू बाई. १९०१ च्या सुमारास घरात विचित्र गोष्टी सुरू झाल्या. पहिले लक्षण विसराळूपणाचे नव्हते. नवऱ्याचे शेजारणीशी संबंध आहेत असा संशय त्या अचानक घेऊ लागल्या. मग स्वयंपाक चुकू लागला, वस्तू कुठेही लपवल्या जाऊ लागल्या, त्या घरभर विनाकारण फिरू लागल्या, ओळखीच्या माणसांची भीती वाटू लागली. नवरा कार्ल हतबल झाला. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी ऑगुस्टे यांना रुग्णालयात दाखल करण्यात आले.

दुसऱ्या दिवशी अल्झायमर त्यांच्या पलंगाजवळ बसले आणि त्यांनी प्रश्नोत्तरे लिहायला घेतली. नाव विचारले, त्यांनी नाव सांगितले. आडनाव विचारले, पुन्हा नावच सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले तरी स्वतःचेच नाव. पेन्सिल, किल्ली, सिगार अशा वस्तू दाखवल्यावर त्यांनी त्या बरोबर ओळखल्या, पण थोड्याच वेळाने काय काय दाखवले होते ते आठवेना. दुपारच्या जेवणात त्या फ्लॉवर आणि डुकराचे मांस खात होत्या. काय खाता आहात असे विचारल्यावर त्यांनी पालक असे उत्तर दिले. स्वतःचे नाव लिहायला सांगितले तर श्रीमती एवढे लिहून पुढचे विसरल्या. आपण स्वतःच हरवलो आहोत, अशा अर्थाचे काहीतरी त्या मध्येच बोलत. हे सगळे अल्झायमर यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतले.

त्यांना खटकले ते वय. अशी लक्षणे सत्तरी-ऐंशीच्या वृद्धांत दिसत आणि ती म्हातारपणाची म्हणून सोडून दिली जात. ही बाई तर ५१ वर्षांची होती. उपदंशाची चिन्हे नव्हती, पक्षाघात नव्हता. मग मेंदूत नेमके काय चालले होते? जिवंतपणी ते पाहण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. स्कॅन यायला अजून सत्तर वर्षे होती.

१९०३ मध्ये अल्झायमर यांनी फ्रँकफर्ट सोडले. प्रख्यात मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्याबरोबर ते आधी हायडेलबर्गला आणि त्याच वर्षी म्युनिकला गेले. म्युनिकला सुरुवातीला त्यांना पगार नव्हता. पत्नीकडून आलेल्या संपत्तीवर घर चालवत त्यांनी प्रयोगशाळा उभी केली. देशोदेशीचे तरुण डॉक्टर तिथे शिकायला येत. त्यांत सॉलोमन कार्टर फुलर हे कृष्णवर्णीय अमेरिकी डॉक्टरही होते. त्यांनी पुढे अमेरिकेत या आजाराची माहिती पोचवली. विद्यार्थ्याच्या शेजारी बसून सूक्ष्मदर्शकात पाहताना अल्झायमर हातातली सिगार टेबलावर ठेवत आणि बोलण्याच्या नादात विसरून पुढच्या टेबलाकडे जात. संध्याकाळी प्रत्येक टेबलावर एकेक अर्धवट सिगार सापडे, अशी आठवण त्यांचे शिष्य सांगत.

या सगळ्या गडबडीत ते ऑगुस्टेला मात्र विसरले नाहीत. फ्रँकफर्टला त्यांची चौकशी चालू होती. ऑगुस्टे हळूहळू बोलेनाशा झाल्या आणि अंथरुणाला खिळल्या. ८ एप्रिल १९०६ रोजी, पाठीला झालेल्या जखमांतून जंतुसंसर्ग रक्तात पसरून त्यांचा मृत्यू झाला. अल्झायमर यांनी त्यांची फाइल आणि मेंदू म्युनिकला मागवून घेतला.

गाठी आणि ठिपके

आता त्यांच्या हाती एक नवे तंत्र होते. माक्स बिलशॉव्स्की यांनी चांदीच्या क्षारांनी मज्जातंतू काळे करून दाखवण्याची पद्धत नुकतीच शोधली होती. जुन्या काळी फोटोच्या फिल्मवर चांदीचे जे रसायन काम करी, त्याच्याच कुळातली ही पद्धत. गाएतानो पेरुझिनी आणि फ्रान्चेस्को बोनफिल्यो या इटालियन सहकाऱ्यांबरोबर अल्झायमर यांनी काप तपासले. मेंदूचे बाह्य कवच आक्रसले होते. सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा पेशींच्या आत तंतूंचे जाड, पिळलेले गुंते दिसत होते. काही ठिकाणी तर पेशी मरून गेली होती आणि तिच्या जागी नुसता गुंता उरला होता. पेशींच्या बाहेर, सगळ्या कवचभर, कसल्याशा पदार्थाचे बारीक ठिपके साचले होते. असे ठिपके पूर्वी काही संशोधकांना दिसले होते. गुंते मात्र नवे होते. आणि एवढ्या कमी वयात, इतक्या स्पष्ट लक्षणांसह ही जोडी कोणीच नोंदवली नव्हती.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे भरलेल्या नैऋत्य जर्मनीतील मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत अल्झायमर यांनी हे निष्कर्ष मांडले. भाषण संपले. अध्यक्षांनी प्रश्न विचारण्याचे आवाहन केले. कोणी काही विचारले नाही. सभा पुढच्या विषयाकडे वळली. १९०७ मध्ये त्यांचा छोटासा लेख प्रसिद्ध झाला, तोही फारशी खळबळ न माजवता.

१९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत या विकाराला अल्झायमरचे नाव दिले. एवढ्या थोड्या रुग्णांवरून त्यांनी एवढी घाई का केली, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. प्राग येथे ऑस्कर फिशर हे संशोधक त्याच काळात वृद्धांच्या मेंदूतील ठिपक्यांवर मोठे काम करीत होते. १९०७ मध्ये त्यांनी अशा बारा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. म्युनिक आणि प्राग यांच्यातील चढाओढीचा हा परिणाम असावा, असे काही जण मानतात. फिशर ज्यू होते. १९४२ मध्ये नाझींच्या कैदेत, टेरेझिन येथे त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांचे नाव कित्येक दशके विस्मरणात गेले.

खुद्द अल्झायमर या नावाबद्दल फार निःशंक नव्हते. १९११ मध्ये त्यांनी योहान नावाच्या ५६ वर्षांच्या मजुराची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्या मेंदूत ठिपके होते, पण गुंते नव्हते. पन्नाशीतला हा विकार आणि वृद्धांचा बुद्धिभ्रंश हे खरोखर दोन वेगळे आजार आहेत का, असा प्रश्न त्यांनी त्या लेखात उपस्थित केला. वय कमी असले तरी मुळातली प्रक्रिया एकच असावी, याकडे त्यांचा कल होता.

पाठ्यपुस्तकांनी मात्र ही शंका बाजूला ठेवली. पन्नाशीत बुद्धी गेली तर तो अल्झायमर, एक दुर्मीळ आजार. सत्तरीनंतर गेली तर ते म्हातारपण. ही वाटणी पुढे पन्नास-साठ वर्षे टिकली. तिचा तोटा लाखो वृद्धांना झाला. जी गोष्ट आजारच नाही तिचे संशोधन कोण करणार आणि तिच्यावर औषध कोण शोधणार?

१९१२ मध्ये ब्रेस्लाऊ विद्यापीठात (हे शहर आज पोलंडमध्ये व्रोत्सवाफ म्हणून ओळखले जाते) अल्झायमर यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. ही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी नोकरी. पण तिकडे जातानाच रेल्वेप्रवासात ते आजारी पडले. घशाच्या संसर्गातून हृदयाला आणि मूत्रपिंडांना इजा झाली. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात त्यातून ते पूर्ण सावरलेच नाहीत. तरीही तीन वर्षे, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, त्यांनी विभाग चालवला. १९ डिसेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. ऑगुस्टे रुग्णालयात दाखल झाल्या तेव्हा त्यांचे वय होते ५१. अल्झायमर गेले तेव्हा त्यांचेही वय तेवढेच होते. फ्रँकफर्टला पत्नीच्या शेजारी त्यांना दफन करण्यात आले.

साठ वर्षांनी मिळालेले उत्तर

अल्झायमर यांच्या शंकेचे उत्तर इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी दिले. ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्ध रुग्णांची स्मरणशक्ती जिवंतपणी मोजली आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतले ठिपके मोजले. १९६८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. ठिपके जितके जास्त, तितका बुद्धिभ्रंश जास्त, असे दिसून आले. म्हणजे सत्तरीतला रुग्ण आणि ऑगुस्टे यांचा आजार एकाच जातीचा होता. १९७६ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट कॅट्झमन यांनी ही दोन नावे एक करावीत असे ठामपणे मांडले. एका रात्रीत दुर्मीळ आजार जगातल्या सर्वांत मोठ्या आजारांच्या यादीत गेला आणि संशोधनाला पैसा मिळू लागला.

१९८४ मध्ये ठिपक्यांतील पदार्थ ओळखला गेला. तो बीटा अमायलॉइड नावाचा प्रथिनाचा तुकडा आहे. गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे असतात, हे थोड्याच काळात स्पष्ट झाले. औषधांची वाट मात्र दुसऱ्या एका निरीक्षणातून निघाली. या रुग्णांच्या मेंदूत असिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन कमी पडते. ते मेंदूत जास्त वेळ टिकावे म्हणून डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलंटामिन ही औषधे आली. मेमँटिन हे औषध वेगळ्या मार्गाने काम करते. ही औषधे भारतात मिळतात. ती आजार थांबवत नाहीत. काही रुग्णांत काही काळ स्मृती आणि दैनंदिन कामे थोडी बरी राहतात, एवढाच त्यांचा उपयोग.

अलीकडे अमायलॉइड साफ करणारी, सलाइनमधून दिली जाणारी प्रतिपिंडे आली आहेत. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅबला आणि २०२४ मध्ये डोनानेमॅबला मंजुरी मिळाली. लेकानेमॅबच्या चाचणीत १८ महिन्यांत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. पण आजाराच्या अगदी सुरुवातीलाच ही औषधे उपयोगी पडतात, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो, वारंवार एमआरआय करावा लागतो आणि खर्च प्रचंड आहे. ज्या ठिपक्यांकडे अल्झायमर यांनी बोट दाखवले ते काढून टाकता येतात, तरी गेलेली स्मृती परत येत नाही. आजाराचे मूळ ठिपक्यांत आहे की आणखी कशात, हा वाद त्यामुळे संपलेला नाही.

ऑगुस्टे यांची फाइल बराच काळ हरवल्यासारखीच होती. डिसेंबर १९९५ मध्ये फ्रँकफर्टचे प्रा. कोनराड माउरर आणि सहकाऱ्यांना ती रुग्णालयाच्या दप्तरात सापडली. निळ्या पुठ्ठ्याच्या त्या फाइलमध्ये अल्झायमर यांच्या हस्ताक्षरातील टिपणे, ऑगुस्टे यांची अर्धवट सही आणि त्यांचे फोटो होते. त्यांच्या मेंदूच्या काचपट्ट्याही म्युनिकमध्ये सापडल्या. कमी वयात आजार आणणारा जनुकीय दोष त्यांच्यात होता का, हे त्या काचपट्ट्यांवरून तपासण्यात आले. एका गटाला दोष सापडला, दुसऱ्या गटाला सापडला नाही.

केडगावच्या घरात याचा उपयोग काय?

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीतून पुढे आला. स्त्रियांत आणि ग्रामीण भागात प्रमाण जास्त आढळले. अहिल्यानगरला लागून असलेल्या केडगावसारख्या, अर्धे गाव आणि अर्धे शहर असलेल्या वस्तीत असे रुग्ण असणारच. नेप्तीच्या बाजारातला कांद्याचा हिशेब ज्यांना तोंडपाठ असे, त्या आजोबांना सुट्टे पैसे मोजता येईनासे होतात. देवीच्या देवळाची वाट चाळीस वर्षे पायाखालची असूनही एखाद्या आजी दर्शनाला म्हणून निघतात आणि पुणे रस्त्यावर भलत्याच दिशेला सापडतात. घरचे मात्र हट्टीपणा, नाटक किंवा कोणी काही केले असेल, असा अर्थ लावतात. ऑगुस्टे यांचे पहिले लक्षण संशय घेणे हे होते, हे अशा वेळी आठवावे. सुनेवर चोरीचा आळ घेणाऱ्या सासूबाई कदाचित आजारी असतात आणि त्या आजाराचा पहिला मार घरात सेवा करणाऱ्या बाईलाच बसतो.

प्रत्येक विसराळूपणा हा अल्झायमर नसतो. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइड कमी असणे, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त, काही झोपेची औषधे यांमुळेही बुद्धी मंदावते आणि यातली बरीच कारणे दुरुस्त होतात. शाकाहारी वृद्धांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ तपासणे विशेष गरजेचे. म्हणून आधी डॉक्टरांकडे जाणे आणि रक्ताच्या साध्या तपासण्या करणे हे पहिले पाऊल. चाचणीत लिहायला-वाचायला लावले तर शाळेत न गेलेल्या आजी नापास होणारच. हरियाणातील बल्लभगड येथे १९९० च्या दशकात निरक्षर वृद्धांसाठी वेगळी चाचणी तयार करावी लागली ती याच कारणाने. त्यामुळे आजी शिकलेल्या नाहीत, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने डिमेन्शियाचा धोका वाढवणारी, पण बदलता येण्याजोगी १४ कारणे मांडली. ती सर्व काढून टाकता आली तर सुमारे ४५ टक्के रुग्णांमधील डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, तंबाखूचे धूम्रपान, दारू, डोक्याला मार, हालचालीचा अभाव, नैराश्य, एकटेपणा, प्रदूषित हवा, कमी शिक्षण, ऐकू न येणे आणि दृष्टी मंदावणे अशी ही यादी आहे. म्हणजे चाळिशी-पन्नाशीतच रक्तदाबाची गोळी नियमित घेणे, दुचाकीवर हेल्मेट घालणे, मोतीबिंदूचे ऑपरेशन न लांबवणे आणि कानाला यंत्र लावायला न लाजणे हेही मेंदूचेच उपचार आहेत.

आजार झालाच तर रोजचा क्रम ठरलेला ठेवावा, वाद घालू नये, खोटे ठरवू नये, झेपतील अशी कामे द्यावीत. शेंगा सोलणे, फुलवाती वळणे, नातवंडांबरोबर फिरणे यांनी मन रमते. खिशात किंवा गळ्यात घरचा फोन नंबर असू द्यावा. गॅस आणि रॉकेल हाताला लागणार नाही असे पाहावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, कारण ऑगुस्टे यांचा जीव घेतला तो पाठीच्या जखमांनी. झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. सेवा करणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून काही तास तरी सुट्टी मिळाली पाहिजे. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हे सरकारी मोफत क्रमांक आहेत.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरच्यांनी एक वही घालावी. काय घडले, कोणत्या तारखेला, किती वेळा, जेवण कसे, झोप किती, कोणती औषधे चालू आहेत, हे साध्या शब्दांत लिहावे. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत जे दिसत नाही ते अशा वहीत दिसते. स्कॅन आणि रक्ततपासण्या नसतानाही डॉ. अल्झायमर यांनी आपले काम अशाच टिपणांपासून सुरू केले होते.